मुक्त लेखनाचे शास्त्र आणि व्यवहार : निफाड तालुक्याच्या आधाराने विवेचन

१. व्याख्या आणि व्याप्ती

ज्याला कोणत्याही एका वृत्तपत्राचा, प्रकाशनसंस्थेचा किंवा कंपनीचा पगार नाही, जो कामागणिक मानधन घेतो आणि आपले विषय, वेळ व काम देणारे स्वतः निवडतो, तो मुक्त लेखक. या व्याख्येत तीन लक्षणे आहेत : पगाराचा अभाव, मानधनाची अपेक्षा आणि निवडीचा अधिकार. पहिले लक्षण आहे पण दुसरे नाही, तो हौशी लेखक. दुसरे आहे पण तिसरे नाही, तो एकाच दैनिकाला बांधलेला तालुका वार्ताहर. त्याच्या हातात वेगळे काम आहे आणि त्याच्या अडचणीही वेगळ्या आहेत. बातमी पाठवणे आणि जाहिराती मिळवणे ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे आली, की ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याकडूनच जाहिरात मागण्याची वेळ येते. मुक्त लेखकाने या स्थितीपासून दूर राहावे, ही त्याच्या व्यवसायाची पहिली अट आहे.

तालुक्याच्या ठिकाणी राहून करता येण्याजोगी लेखनकामे दोन गटांत मावतात. पहिल्या गटात स्वतःच्या नावाने होणारे लेखन येते : पुरवण्यांतील लेख, सदरे, दिवाळी अंकांतील दीर्घलेख, आकाशवाणीवरील भाषणे, पुस्तके. दुसऱ्या गटात इतरांच्या नावाने किंवा नावाशिवाय होणारे लेखन येते : सहकारी संस्थांच्या स्मरणिका, गौरवग्रंथ, आत्मचरित्रांचे शब्दांकन, अनुवाद, माहितीपटांच्या संहिता, मुक्त विद्यापीठाच्या धाटणीची स्वयंअध्ययन पुस्तके. पहिल्या गटातून नाव होते, दुसऱ्यातून बहुधा घर चालते. दोन्हींची प्रतवारी लावण्याची सवय मराठीत आहे. ती सोडली पाहिजे. साखर कारखान्याच्या स्मरणिकेत पन्नास वर्षांचा खरा इतिहास लिहिणारा माणूस सामान्य कथासंग्रह काढणाऱ्यापेक्षा समाजाला अधिक देतो.

या विवेचनाचे प्रतिपाद्य एका वाक्यात सांगता येते : मुक्त लेखकाचे स्वातंत्र्य त्याने ठेवलेल्या नोंदींवर उभे असते. विषयाची नोंद, आधाराची नोंद, कामाची नोंद आणि हक्काची नोंद अशा त्या चार नोंदी. त्यांतील एकही ढिली पडली, की प्रतिभा असूनही लेखक परावलंबी होतो.

२. पूर्वपीठिका : लेखनाला लाभलेले तीन आधार

मराठी गद्यलेखक आजवर तीन आधारांवर उभे राहिले.

पहिला आधार नोकरीचा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला झाला. त्यांनी अर्थशास्त्र, इतिहास आणि समाजसुधारणा या विषयांवर आयुष्यभर लिहिले. मराठी सत्तेच्या उदयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. पोटासाठी त्यांना लेखणीवर अवलंबून राहावे लागले नाही, कारण ते सरकारी न्यायखात्यात होते. मात्र या आधाराची किंमतही त्यांनी मोजली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या काळात सरकारने त्यांची धुळ्याला बदली केली आणि त्यांच्या टपालावर नजर ठेवली. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनीही १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहिली ती सरकारी नोकरी सांभाळूनच. नोकरी लेखकाला पैशाच्या चिंतेतून सोडवते, पण मालकाच्या नजरेतून सोडवत नाही.

दुसरा आधार स्वतःच्या पत्राचा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात, तरवडीसारख्या खेड्यातून, मुकुंदराव पाटील यांनी ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक विचारांचे पत्र चालवले. त्याची सुरुवात १९१० ची. शहराच्या आश्रयाशिवाय गावात बसून लिहिता, छापता आणि वाचकांपर्यंत पोहोचता येते, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. या मार्गावर लेखकाला कोणी अडवत नाही, परंतु कागद, छपाई, वर्गणी आणि टपाल यांचा सगळा भार त्याच्याच खांद्यावर येतो.

तिसरा आधार लेखागणिक मानधनाचा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत वर्षातून एकदा का होईना, मोठी लेखन-बाजारपेठ उभी राहिली. पुढे बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून दाखवल्या. वृत्तान्तलेखनात या मार्गाचे ठळक नाव अनिल अवचट यांचे. १९६९ च्या ‘पूर्णिया’ या पुस्तकापासून त्यांनी विडी कामगार, हमाल, विणकर अशा माणसांमध्ये जाऊन, त्यांच्या कामाच्या जागी बसून लिहिले. घराचा आर्थिक भार पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्या नोकरीने उचलला, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. हा तपशील महत्त्वाचा आहे. एकट्या मानधनावर गंभीर वृत्तान्तलेखन चालणे मराठीत नेहमीच कठीण राहिले आहे. नव्या लेखकाने हे आधीच जाणून आपली आखणी करावी.

आजचा मुक्त लेखक मुख्यतः तिसऱ्या मार्गावर चालतो. म्हणून पुढील विवेचन त्याच मार्गाचे आहे.

३. विषयाची नोंद

तालुक्यात राहणाऱ्या लेखकाचे भांडवल म्हणजे त्याचा परिसर. विषय निवडताना त्याने तीन कसोट्या लावाव्यात. मला तिथे स्वतः पोहोचता येते का? तिथे वर्षानुवर्षे परत जाता येते का? आणि त्या विषयाचा अर्थ तालुक्याबाहेरच्या वाचकाला लागतो का?

निफाड तालुक्यात या तिन्ही कसोट्यांवर उतरणारे विषय ठायीठायी आहेत. कुंदेवाडीचे गहू संशोधन केंद्र १९३२ पासूनचे. ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’, ‘गोदावरी’ ही गव्हाची वाणे त्याच केंद्राची आहेत. तांबेरा या रोगाशी इथल्या शास्त्रज्ञांनी दिलेला लढा म्हणजे महाराष्ट्राच्या चपातीचा इतिहास आहे. लासलगावी भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प आहे. २००७ मध्ये अमेरिकेची बाजारपेठ भारतीय आंब्याला पुन्हा खुली झाली, तेव्हा कोकणातला हापूस कांद्याच्या या गावात येऊन विकिरण करून पुढे गेला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा नांदूर मधमेश्वर बंधारा ब्रिटिश काळात पाण्यासाठी बांधला गेला. गाळ साचत गेला, उथळ पाणथळ तयार झाली, पक्षी आले, १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झाले. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले ते क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे. त्या एका हंगामाने निर्यातदार बागायतदारांचे औषध फवारणीचे वेळापत्रकच बदलले.

यांपैकी प्रत्येक विषयाचे एक स्वतंत्र पाकीट असावे. त्यात भेटीच्या तारखा, माणसांची कामे, कागदांच्या प्रती आणि उरलेले प्रश्न राहावेत. विषयाची नोंद अशी वाढत गेली की एकाच साहित्यातून वेगवेगळ्या वाचकांसाठी वेगवेगळे लेख निघतात. कांद्याचेच पाहा. दैनिकासाठी भावाच्या चढउताराचा अर्थ, शेतीविषयक नियतकालिकासाठी कांदाचाळीतल्या साठवणुकीतली घट, दिवाळी अंकासाठी कांदा काढणाऱ्या आणि खांडणाऱ्या मजूर स्त्रियांचा हंगाम. मजकूर पुन्हा वापरणे गैर आहे. साहित्य पुन्हा वापरणे हीच या व्यवसायाची अर्थव्यवस्था आहे.

संगणक आता क्षणात लेख तयार करून देतो, त्यामुळे ही नोंद अधिकच मोलाची झाली आहे. आधी कुठेतरी लिहिले गेलेले तो नव्याने मांडू शकतो. विंचूरच्या कांदा लिलावात आज सकाळी काय घडले, हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाच ठाऊक असते.

४. आधाराची नोंद

टिपणवहीत प्रत्येक वाक्याचा दर्जा लिहावा. दर्जे चार : स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले, कागदात वाचलेले आणि स्वतःचे अनुमान. समासात एकेका अक्षराची खूण पुरते. लेख लिहिताना चौथा दर्जा पहिल्याच्या जागी सरकतो, तेव्हा चूक होते. ही खूण ती चूक पकडते.

दोन स्थानिक उदाहरणांनी हे स्पष्ट होईल.

पहिले कांद्याच्या भावाचे. लासलगाव बाजार समिती रोज किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव जाहीर करते. मथळ्यात बहुधा कमाल भाव येतो, जो मोजक्या वाहनांना मिळालेला असतो. तालुक्यातल्या बहुतेक शेतकऱ्यांचे उत्पन्न सरासरी भावाजवळ ठरते. शिवाय बोली लागल्यावर गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते, तिथे मालाच्या प्रतीवरून वांधा निघाला तर भाव खाली येतो. म्हणून लिलावात पुकारलेला भाव हा ऐकलेला पुरावा आणि हिशोबपट्टीवरचा भाव हा वाचलेला पुरावा. कांद्याचा लाल की उन्हाळ हा प्रकार, दिनांक, बाजार आवार आणि तिन्ही भाव लिहिल्याशिवाय कांद्यावरचा आकडा अपुरा समजावा.

दुसरे थंडीचे. दर हिवाळ्यात निफाडचा पारा राज्याची बातमी होतो. तो आकडा सहसा कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रातला असतो. त्याच पहाटे ओझरच्या एचएएल विमान कारखान्याच्या परिसरातला आकडा वेगळा असतो. दोन्ही ठिकाणे याच तालुक्यात आहेत. म्हणून ‘निफाडमध्ये किती अंश’ या प्रश्नाला ‘कोणत्या केंद्रावर, कोणत्या तारखेला’ या पुरवणीशिवाय उत्तर नाही. द्राक्षमण्यांना तडे जाण्याचा धोका, बागेतला शेकोट्यांचा धूर, पहाटे ठिबक सुरू ठेवण्याची धडपड हे सारे त्या आकड्याशी बांधलेले असल्यामुळे त्यातली चूक निरुपद्रवी नसते.

लेखी आधारांपैकी चार तालुक्यातल्या कोणालाही मिळू शकतात. १८८३ चा नाशिक जिल्ह्याचा गॅझेटिअर, जनगणनेची जिल्हा पुस्तिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल आणि नाशिकचे १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय. जिथे कागद मिळत नाही, तिथे २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. कार्यालयाने साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. अर्जात मते विचारू नयेत, अभिलेख मागावेत. ‘रस्ता का खराब आहे’ याला उत्तर येत नाही. ‘या रस्त्याच्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत द्यावी’ याला यावेच लागते.

मुलाखतीबाबत एक नियम कडक असावा. माणसाचे नाव छापायचे की नाही, हे त्याच्याशी बोलून तेव्हाच लिहून ठेवावे. तालुक्यात सगळे एकमेकांना ओळखतात. सोसायटीचे कर्ज, व्यापाऱ्याकडची उधारी किंवा घरातले आजारपण यांविषयी बोललेले वाक्य नावानिशी छापले गेले, तर त्याचे परिणाम त्या माणसाला रोज भोगावे लागतात. लेखकाला दुसरा विषय मिळतो, त्या माणसाला दुसरे गाव मिळत नाही.

५. रचना आणि भाषा

पुरवणीचा लेख हजार-बाराशे शब्दांचा असतो. त्यात एकच प्रतिपाद्य मावते. लिहायला बसण्यापूर्वी ते एका वाक्यात मांडता आले नाही, तर साहित्य अजून अपुरे आहे असे समजावे. त्यानंतर क्रम ठरवावा : काय घडते, का घडते, कोणावर परिणाम होतो, आणि वाचकाने काय समजून घ्यावे. दिवाळी अंकाच्या दीर्घलेखात इतिहास आणि व्यक्ती यांना अधिक जागा देता येते, तरी प्रतिपाद्य एकच असावे.

भाषेबाबत तालुक्यातला लेखक श्रीमंत आहे. खरड छाटणी, गोडी बहार, वांधा, खळे, चाळ, पट्टी हे शब्द त्याच्या कानावर रोज पडतात. त्यांच्या जागी शासकीय परिपत्रकातले शब्द घालू नयेत. अनोळखी शब्द वाक्यातच कळेल अशी वाक्यरचना करावी. पुण्या-मुंबईच्या वाचकाला शब्द समजावून द्यावा, पण त्याच्यासाठी शब्द बदलू नये.

६. कामाची नोंद : दिवस आणि वर्ष

मुक्त लेखकाच्या दिवसाला हजेरीपट नसतो, म्हणून तो त्याने स्वतः तयार करावा लागतो. बाजार समितीचे लिलाव, शेतातली कामे, पाणथळीवरचे पक्षी हे सारे सकाळचे. तेव्हा सकाळ फिरतीला द्यावी, दुपार टिपणे उतरवून काढण्यास आणि लिहिण्यास, संध्याकाळ फोन व पत्रव्यवहारास. टिपणे त्याच दिवशी उतरवली पाहिजेत. दुसऱ्या दिवशी माणसाचे बोलणे लेखकाच्या भाषेत बदलू लागते.

वर्षाची आखणी अधिक अवघड आहे, कारण विषयाचा हंगाम आणि छपाईचा हंगाम वेगळे असतात. स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात. दिवाळी अंकाचे लेख मात्र पावसाळ्यात द्यावे लागतात. नांदूर मधमेश्वरवर दिवाळीसाठी लिहायचे असेल तर साहित्य आदल्या हिवाळ्यातच गोळा झालेले हवे. द्राक्षांची खरी कहाणी जानेवारी ते एप्रिलमध्ये घडते आणि तिची बीजे ऑक्टोबरच्या छाटणीत असतात. ज्याच्या भिंतीवर पिकांचे, बाजाराचे आणि संपादकांचे अशी तिन्ही वेळापत्रके एकाच तक्त्यात आहेत, त्याला ऐनवेळी विषय शोधावा लागत नाही.

कामाच्या नोंदवहीत सात रकाने पुरतात : लेखाचे नाव, कोणाला पाठवला, तारीख, उत्तर, प्रसिद्धीची तारीख, ठरलेले मानधन, जमा झालेले मानधन. एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. ठरावीक मुदतीत उत्तर आले नाही, तर लेख मागे घेत असल्याचे लेखी कळवून मगच दुसरीकडे द्यावा. संपादकाशी असलेला विश्वास याच शिस्तीने टिकतो.

७. मानधन

मानधनाचा विचार लेखाच्या खर्चापासून सुरू करावा. प्रवास, फोन, प्रती आणि दिवसांची संख्या मांडली, की लेख परवडतो की नाही ते दिसते. जो लेख परवडत नाही तो लिहू नये असे नाही. समाजासाठी, अभ्यासासाठी तो जरूर लिहावा, पण तो कोणत्या कामाच्या उत्पन्नावर लिहितो आहोत हे माहीत असावे. अनुवाद किंवा शब्दांकनासारखे नियमित काम, स्मरणिकेसारखे मोठे काम आणि स्वतःच्या नावाचे लेखन असे उत्पन्नाचे तीन पाय असावेत. एकाच ठिकाणाहून निम्म्याहून अधिक पैसे येऊ लागले, तर स्वातंत्र्य नावापुरतेच उरते.

निफाड तालुक्यात व्यवहाराच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. बाजार समितीत कांदा विकला की वजन, भाव आणि कपाती लिहिलेली पट्टी हातात येते, तक्रार करायला समिती असते. द्राक्षांचा शिवार सौदा मात्र बागेतच तोंडी होतो. व्यापारी घड पाहतो, गोडी मोजतो, किलोचा भाव ठरतो, माल निघून जातो. पैसे बुडाल्याच्या तक्रारी हंगामागून हंगाम पोलिसांकडे जातात आणि पुराव्याअभावी अडतात. मराठीतला लेखनव्यवहार आजही बहुतांशी शिवार सौदा आहे. ‘पाठवा, बघू, देऊ काहीतरी’ यावर लेख जातो.

त्यावरचा उपाय सोपा आहे. फोनवर बोलणे झाले की त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल पाठवावा : लेखाचा विषय व शब्दसंख्या, देण्याची तारीख, मानधनाची रक्कम व ती मिळण्याची मुदत, आणि कोणत्या वापरासाठी परवानगी आहे. समोरून ‘ठीक’ एवढे उत्तर आले तरी पुरावा तयार होतो. मुदत उलटल्यावर नम्र पण लेखी आठवण द्यावी. येणे असलेल्या रकमेसाठी दिवाणी दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते, हे लक्षात ठेवावे. मानधनातून कर कापला गेला असेल तर तो आपल्या नावावर जमा दिसतो का, हे वर्षातून एकदा तपासावे. पैसे मागण्यात कमीपणा नाही. लेखकाने न मागितलेले मानधन पुढच्या लेखकाचा दर खाली आणते.

८. हक्काची नोंद

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याची पाच सूत्रे प्रत्येक मुक्त लेखकाला तोंडपाठ असावीत.

एक, लेखनाचा पहिला मालक लेखकच असतो. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाला अपवाद आहे, मुक्त लेखकाला तो लागू होत नाही. त्याने लेख दिला म्हणजे मालकी दिली असे होत नाही.

दोन, हक्काचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीचे असावे लागते. त्यात कालावधी लिहिला नसेल तर तो पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो.

तीन, हस्तांतर झालेला हक्क एका वर्षात वापरला नाही आणि करारात वेगळे काही नसेल, तर तो लेखकाकडे परत येतो. प्रकाशकांच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेल्या हस्तलिखितांच्या मालकांनी हे कलम वाचावे.

चार, मालकी दिली तरी लेखक म्हणून ओळखले जाण्याचा आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो.

पाच, कल्पना, विषय आणि ऐतिहासिक तथ्ये यांवर कोणाचीही मालकी नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद प्रकरणात हे स्पष्ट केले. म्हणून नुसती कल्पना सांगून मोकळे होऊ नये, ती लिहून काढावी. संरक्षण मिळते ते लिहिलेल्या मांडणीला.

हे हक्क लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतात. आज विचार न करता सही करून दिलेली ‘घ्या, वापरा’ ही परवानगी नातवंडांच्या वाट्याचे उत्पन्न घालवू शकते. लेख कागदावर, ई-आवृत्तीत, ध्वनिरूपात की भाषांतरात, यांपैकी कशासाठी दिला, एवढे एक वाक्य हक्काच्या नोंदीत असावे.

९. निष्कर्ष

विषय, आधार, काम आणि हक्क यांच्या चारही नोंदी एकमेकींना धरून असतात. विषयाची नोंद नसेल तर आधार गोळा होत नाही. आधार नसेल तर लेखाला किंमत येत नाही. कामाची नोंद नसेल तर ती किंमत हाती पडत नाही. हक्काची नोंद नसेल तर हाती पडलेलेही पुढे टिकत नाही.

याचा लाभ एकट्या लेखकापुरता नाही. गव्हाचे वाण, विकिरणातून गेलेला आंबा, पाणथळीतले पक्षी आणि खळ्यावरचा वांधा यांविषयी बाहेरून दोन दिवसांसाठी येणारा माणूस वरवरचेच लिहील. इथे राहणाऱ्याने, नीट तपासून, आपल्या भाषेत लिहिले तरच तालुक्याला स्वतःचा विश्वासार्ह इतिहास मिळेल. संपादकांनी आणि संस्थांनी ठरलेले मानधन लेखी द्यावे आणि वेळेवर द्यावे. निफाडच्या, आणि निफाडसारख्या प्रत्येक तालुक्यातल्या, लिहू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींनी आज एक वही घ्यावी, तिचे चार भाग करावेत आणि आपल्या गावातला एक विषय तीन वर्षे सोडू नये.